पत्राखालचा पत्ता

आपल्याकडे संमेलन म्हटले की मांडव, ग्रंथदिंडी, लांबलेले अध्यक्षीय भाषण आणि त्याआधी महिनाभर वर्तमानपत्रांत रंगलेला एखादा वाद, एवढे सगळे एकदम डोळ्यांसमोर येते. १८७८ साली लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात जी पहिली सभा भरली, ती ग्रंथकारांची होती. आधी लिहिणारे जमले. वाचणारे मांडवात आले ते पुढे हळूहळू.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये विज्ञानकथांची जी संमेलने सुरू झाली, त्यांचे नेमके उलटे आहे. ती वाचकांनी भरवली. आणि वाचक तरी कसले, तर बहुतेक पंधरा ते वीस वयाची पोरे, खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे. लेखक आणि संपादक आले ते नंतर, आणि त्यांतले बरेचसे या पोरांमधूनच तयार झाले. म्हणून या लेखात मी एक सवलत घेणार आहे. ज्यांची नावे पुढे फार मोठी झाली त्यांनाही, ते जोवर पोरे आहेत तोवर, मी अरेतुरे करणार आहे. अहोजाहो केले तर गोष्टीतली सगळी गंमत जाते.

आता अशा संमेलनांना ‘कॉन’ म्हणतात. शनिवार-रविवार धरून एखादे हॉटेल किंवा सभागृह घ्यायचे, तिथे परिसंवाद, पुस्तकांचे गाळे, चित्रांचा लिलाव, पोशाखांची स्पर्धा आणि रात्री उशिरापर्यंत खोल्याखोल्यांतून गप्पा. कॉमिक-कॉन म्हणून जे अवाढव्य प्रकरण आपण बातम्यांत पाहतो, तेही याच घराण्यातले धाकटे भावंड. पण हे सगळे सुरू व्हायच्या आधी एक साधी अडचण होती. एका गावात एक, दुसऱ्या गावात दुसरा, असे विखुरलेले हे वाचक. वर्गातली मुले त्यांना वेडे समजत. त्यांनी एकमेकांना शोधले कसे?

शोधले ते पत्त्यामुळे. मासिकात छापून आलेल्या पत्राखाली छापलेल्या पत्त्यामुळे.

ह्यूगो गर्न्सबॅक हा गृहस्थ लक्झेंबर्गचा. १९०४ मध्ये अमेरिकेत आला, रेडिओचे सुटे भाग विकू लागला आणि त्या धंद्याला जोड म्हणून मासिके काढू लागला. १९०९ मध्ये त्याने हौशी रेडिओवाल्यांची एक संघटनाही काढली होती. म्हणजे ‘वाचकांना एकमेकांशी बांधून ठेवा, ते तुमच्याशी बांधलेले राहतात’ हे धंद्याचे सूत्र त्याला आधीच सापडले होते. एप्रिल १९२६ मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ काढले. फक्त विज्ञानकथांना वाहिलेले इंग्रजीतले हे पहिले मासिक. किंमत पंचवीस सेंट, मुखपृष्ठावर फ्रँक पॉल नावाच्या चित्रकाराची भडक रंगांतली अंतराळयाने आणि राक्षसी कीटक. ‘सायन्स फिक्शन’ हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता. गर्न्सबॅकने ‘सायंटिफिक्शन’ असा एक जोडशब्द बनवला होता. तो काही फार दिवस टिकला नाही, आणि बरे झाले.

या मासिकात वाचकांच्या पत्रांचे सदर होते. अमुक कथेतले गुरुत्वाकर्षणाचे गणित चुकले आहे, तमुक लेखकाला पुन्हा छापा, अशा थाटाची पत्रे. आणि प्रत्येक पत्राखाली नाव, घर क्रमांक, रस्ता, गाव. हे वाचणाऱ्या मुलाच्या लक्षात यायचे की आपल्यासारखाच आणखी एक वेडा तीन गल्ल्या सोडून राहतो. मग तो सरळ त्यालाच पत्र लिहायचा. मधला संपादक गळला. पुढे जे काही झाले ते या एका गळतीतून झाले, असे म्हणायला हरकत नाही.

पत्रांतून भेटी आणि भेटींतून मंडळे. डिसेंबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ‘सायन्सीअर्स’ नावाच्या मंडळाची पहिली बैठक भरली. ती वॉरन फिट्झगेराल्ड या कृष्णवर्णीय तरुणाच्या घरी. तो तिशीच्या आसपासचा, बाकीचे सदस्य गोऱ्या घरांतली शाळकरी मुले, आणि अध्यक्ष फिट्झगेराल्ड. १९२९ च्या अमेरिकेत हे दृश्य किती दुर्मीळ असेल याची कल्पना करून पाहा. दुर्दैवाने पुढची कित्येक वर्षे या चळवळीत असे दुसरे उदाहरण शोधावे लागते.

मंडळ झाले की मुखपत्र हवेच. मे १९३० मध्ये शिकागोच्या एका पत्रमंडळाने ‘द कॉमेट’ काढले. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले पहिले पत्र म्हणून त्याची नोंद आहे. अशा पत्रांना ‘फॅनझीन’ हे नाव मिळायला मात्र १९४० उजाडावे लागले. माझ्या पिढीने सायक्लोस्टाइल पाहिलेले आहे: मेणाचे स्टेन्सिल, काळी शाई, बाहीला लागलेले डाग. ज्यांना ते परवडत नसे ती मुले हेक्टोग्राफ वापरत, आणि तो प्रकार बघण्यासारखा आहे. एक उथळ ट्रे, त्यात ओतून गोठवलेली जिलेटिनची जेली. खास जांभळ्या शाईने एका कागदावर मजकूर उतरवायचा, तो कागद जेलीवर पालथा घालून दाबायचा. शाई जेलीत उतरते. मग कोरा कागद जेलीवर पसरायचा, तळहाताने फिरवून घ्यायचा, कोपरा धरून उचलायचा. झाली एक प्रत. पहिल्या काही प्रती झकास, मग शाई फिकी होत जाते, आणि पन्नासाव्या प्रतीपर्यंत येता येता ती वाचायला खिडकीत उजेडाला जावे लागते. त्यामुळे अशा पत्राचा खप पन्नासच्या आसपास अडायचा. मागणी तेवढीच होती असे नाही, जेली संपायची.

गर्न्सबॅकला हे दिसत होते. मधल्या काळात त्याच्या कंपनीचे दिवाळे निघाले, ‘अमेझिंग’ हातातून गेले, त्याने नवी मासिके काढली. १९३३ मध्ये त्याने ‘वंडर स्टोरीज’च्या संपादकपदी चार्ल्स हॉर्निग या सतरा वर्षांच्या मुलाला बसवले, तेही त्या मुलाने काढलेले फॅनझीन पाहून. आणि १९३४ मध्ये ‘सायन्स फिक्शन लीग’ची घोषणा केली. सदस्य व्हा, बिल्ला मिळवा, आपल्या गावात शाखा काढा, शाखेचे वृत्त मासिकात छापून येईल. हेतू उघड होता, मंदीच्या काळात मासिकाचा खप टिकवणे. पण शाखा खरोखरच निघाल्या. फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, ब्रुकलिन. समुद्रापलीकडे इंग्लंडात लीड्सला. बी त्याने धंद्यासाठी पेरले, उगवले ते भलतेच.

भलतेच म्हणजे कसे, ते डॉनल्ड वॉलहाइमच्या गोष्टीवरून कळेल. न्यूयॉर्कचा हा एकोणीस वर्षांचा मुलगा. जानेवारी १९३४ च्या ‘वंडर स्टोरीज’मध्ये त्याची पहिली कथा छापून आली. मानधन आले नाही. मराठीतल्या नवलेखकाला यात काही विशेष वाटणार नाही. आपण कात्रण जपून ठेवतो आणि गप्प बसतो. वॉलहाइम गप्प बसला नाही. त्याने इतर लेखकांना पत्रे लिहून विचारले, तुम्हाला पैसे मिळाले का? अनेकांना मिळाले नव्हते. (गर्न्सबॅकची ही ख्याती जुनीच होती, भयकथाकार लव्हक्राफ्ट त्याला खासगीत ‘उंदीर ह्यूगो’ म्हणत.) मंडळींनी वकील गाठला आणि शेवटी ७५ डॉलरवर तडजोड झाली. मग वॉलहाइमने लीगच्याच विरोधात मोहीम उघडली, आणि १९३५ मध्ये लीगने त्याला काढून टाकले. त्याच्याबरोबर आणखी दोघांना: जॉन मिशेल आणि विल्यम सायकोरा. सायकोरा हे नाव ध्यानात ठेवा.

लीगबाहेर पडलेले हे लोक दुसऱ्या एका संघटनेत जमले, आणि २२ ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांच्यातले काही जण रेल्वेत बसून न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला तिथल्या चाहत्यांना भेटायला गेले. दोन्हीकडचे मिळून डझनभराच्या वर थोडे. गाव पाहिले, मग मिल्टन रॉथमन या स्थानिक मुलाच्या घरी सगळे बसले. तिथे वॉलहाइमने सुचवले की ही भेट म्हणजे पहिले विज्ञानकथा-संमेलन आहे असे आपण जाहीर करू. केले जाहीर. सभेचा चिटणीस म्हणून सोळा वर्षांच्या फ्रेडरिक पोलला नेमले, त्याने इतिवृत्त लिहिले आणि नंतर ते हरवून टाकले. जगातल्या पहिल्या विज्ञानकथा-संमेलनाचे अधिकृत कागद असे गेले.

पण ते पहिले होते का? यावर चाहते आजही हिरिरीने भांडतात. कारण त्याच सुमारास इंग्लंडात लीड्सची शाखा एक परिषद घेण्याच्या तयारीत होती. ती ३ जानेवारी १९३७ रोजी, रविवारी, थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभागृहात झाली. जेमतेम वीसजण आले, पण आधी निमंत्रणे गेली होती, सभागृह ठरवून घेतलेले होते, कामकाज ठरलेले होते. आलेल्यांत लंडनच्या एका सरकारी हिशेब तपासणी खात्यातला एकोणीस वर्षांचा कारकून होता, आर्थर क्लार्क. त्या दिवशी त्यांनी देशभरची एक संघटना स्थापन केली. ‘नोव्हे टेरे’ हे सायक्लोस्टाइल पत्र तिचे मुखपत्र झाले. तेच पत्र पुढे नाव बदलून ‘न्यू वर्ल्ड्स’ झाले आणि महायुद्धानंतर ब्रिटनमधले महत्त्वाचे व्यावसायिक मासिक म्हणून उभे राहिले. इंग्रजांच्या तयारीची कुणकुण लागल्यामुळेच फिलाडेल्फियाच्या चहापानाला घाईने ‘संमेलन’ म्हटले गेले, असा एक आरोप आहे. खरेखोटे काही असो. कुणाच्या तरी घरी जमून ‘हेच संमेलन’ म्हणायचे आणि रीतसर बोलावून सभागृहात भरवायचे, यातले संमेलन कुठले असे मला विचाराल तर मी लीड्सच्या बाजूने आहे. पण तारखेचा मान फिलाडेल्फियाला जातो, हेही मान्य.

इथून पुढे भेटी वाढल्या आणि भांडणेही. भांडण कशावरून होते हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर पोरकटपणाच दिसतो. पहिला मुद्दा असा की विज्ञानकथा वाचणाऱ्याने करायचे काय? सायकोराचे म्हणणे होते की विज्ञान करायचे: प्रयोग, अग्निबाण, दुर्बिणी. कथा ही त्यात शिरण्याची पायरी. वॉलहाइमला कथा आणि कथांभोवतीची दोस्ती हेच पुरेसे होते. त्यावरून त्यांची संघटना फुटली. दुसरा मुद्दा राजकारणाचा. काळ मंदीचा, स्पेनमध्ये यादवी, जर्मनीत हिटलर. ऑक्टोबर १९३७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बैठकीत जॉन मिशेलचे एक भाषण झाले. मिशेल अडखळत बोलायचा म्हणून ते वॉलहाइमने वाचून दाखवले. सूर असा, की उद्याच्या जगाच्या कथा वाचून ते जग येणार नाही, त्यासाठी चाहत्यांनी डाव्या चळवळीत उतरले पाहिजे. ठराव मतास टाकला गेला आणि १२ विरुद्ध ८ मतांनी पडला. वीस माणसांत इतकी सरळ फूट. वर्षभरात वॉलहाइम, मिशेल, पोल, रॉबर्ट लाउंड्स, सिरिल कॉर्नब्लूथ वगैरेंनी ‘फ्यूचरियन्स’ नावाचा आपला कंपू केला. आयझॅक असिमोव्ह हा कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकणारा, ब्रुकलिनमध्ये वडिलांच्या दुकानात काम करणारा मुलगाही त्यात होता. समोर उभा राहिला सायकोरा, आणि त्याच्याबरोबर सॅम मॉस्कोविट्झ आणि जेम्स टॉरासी. या त्रिकुटाच्या गटाचे नाव ‘न्यू फॅन्डम’.

मॉस्कोविट्झने पुढे या सगळ्याचा इतिहास लिहिला, शंभरेक मुलांच्या भांडणांचा जाडजूड ग्रंथ. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासानंतर लगेच वाचायला घेतला तरी तो फिका पडत नाही, असा शेरा एका जुन्या चाहत्याने मारला होता.

मे १९३८ मध्ये सायकोरा-मॉस्कोविट्झ जोडीने न्यूअर्कला एक संमेलन घेतले, त्याला शंभराहून अधिक लोक आले. आकडा आजच्या मानाने किरकोळ, पण डझनावरून शंभरावर जायला दीड वर्ष लागले हे पाहा. संपादकांना आता या पोरांची दखल घ्यावी लागली. आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये जागतिक मेळा भरणार होता. मेळ्याचे ब्रीदच ‘उद्याचे जग’. विज्ञानकथेच्या चाहत्यांना यापेक्षा मोठे आमंत्रण काय हवे? मेळ्याच्या निमित्ताने मोठे संमेलन घ्यावे ही कल्पना आधी वॉलहाइमच्या गोटातून आली होती, पण ती प्रत्यक्षात आणण्याचे काम न्यू फॅन्डमने आपल्या हाती घेतले. ‘वर्ल्ड सायन्स फिक्शन कन्व्हेन्शन’ या नावातले ‘वर्ल्ड’ आले ते या मेळ्यावरून. जगभरातून कुणी येणार म्हणून ते दिलेले नव्हते.

२ जुलै १९३९, रविवार. मॅनहॅटनमध्ये ईस्ट ५९ व्या रस्त्यावरचे कॅरॅव्हॅन हॉल. सुमारे दोनशे लोक. जिन्यावर मॉस्कोविट्झ, नुकतीच एकोणीस पूर्ण केलेला, दारावर नजर ठेवून. फ्यूचरियन्स आले. त्याच सुमारास सभागृहात रेडिएटरमागे दडवलेला पिवळ्या पत्रकांचा गठ्ठा सापडला. ‘सावधान!’ असा मथळा, आत मजकूर असा की या संमेलनावर मूठभरांची हुकूमशाही आहे, चाहत्यांनी डोळे उघडे ठेवावेत. त्रिकुटाला वाटले हे वॉलहाइमचे काम. प्रत्यक्षात ते पत्रक लिहिले होते डेव्हिड काइल या दुसऱ्याच एका फ्यूचरियनने. मॉस्कोविट्झने अट घातली: आत नीट वागू असे वचन द्या आणि जा. काहींनी दिले. सहा जणांना मात्र आत सोडले नाही: वॉलहाइम, पोल, मिशेल, लाउंड्स, कॉर्नब्लूथ आणि जॅक गिलेस्पी. चाहत्यांच्या इतिहासात याला आजही मोठ्या गांभीर्याने ‘बहिष्कार कायदा’ म्हणतात.

गंमत दोन गोष्टींत आहे. एक, पत्रक लिहिणारा काइल स्वतः आत होता. दुसरी, दारावर उभे असलेल्या त्रिकुटातला सायकोरा चार वर्षांपूर्वी वॉलहाइमच्याच बरोबर लीगमधून हाकलला गेला होता. असिमोव्हलाही कुणी अडवले नाही. त्याच्या दोन-तीन कथा नुकत्याच छापून आल्या होत्या, त्यामुळे तो लेखकांत मोडत होता. आपले मित्र बाहेर आणि आपण आत याची टोचणी त्याला नंतर बरीच वर्षे लागली, असे त्याने लिहिले आहे.

आत मात्र खरोखरच एक छान दिवस चालू होता. मुख्य पाहुणा म्हणून लेखक नाही, चित्रकार बोलावला होता, तोच तो मुखपृष्ठांवर राक्षसी कीटक काढणारा फ्रँक पॉल. मला ही निवड फार आवडते. त्या मुलांना मासिकाच्या गाळ्यापाशी पहिल्यांदा थांबवले होते ते पॉलच्या चित्रांनीच. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट दाखवला. मुखपृष्ठांच्या मूळ चित्रांचा लिलाव झाला, आज ज्यांना हात लावायची सोय नाही अशी चित्रे काही डॉलरांत गेली. लिओ मार्ग्युलिस हे व्यावसायिक संपादक, मासिकांच्या ढिगांवर बसलेला मुरलेला माणूस. त्यांनी कबूल केले की ही पोरे इतक्या मनापासून यात असतील असे वाटले नव्हते. ‘टाइम’ साप्ताहिकाने बातमी घेतली, अर्थात थोड्या कौतुकाने आणि बऱ्याच चेष्टेने.

लॉस एंजेलिसहून तीन माणसे आली होती, तीन हजार मैलांपेक्षा थोडे कमी अंतर तोडून. एक अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी. त्याच्याकडे पैसे नव्हते. मित्र फॉरेस्ट अ‍ॅकरमनकडून उसने घेऊन तो बसने आला, आणि येताना आपल्या एका चित्रकार मित्राची चित्रे काखेत घेऊन आला, न्यूयॉर्कच्या संपादकांना दाखवायला. स्वतःचे नाव अजून कुठे नाही, पण दुसऱ्याची चित्रे घेऊन दारोदार फिरतो आहे. दुसरा अ‍ॅकरमन स्वतः. तिसरी त्याची मैत्रीण मर्टल, जिला सगळे ‘मोरोजो’ म्हणत. हे नाव म्हणजे तिच्या नावाची आद्याक्षरे, एस्परांतो या मुद्दाम बनवलेल्या जागतिक भाषेच्या उच्चाराने. दोघेही त्या भाषेचे वेडे होते. मोरोजो आणि अ‍ॅकरमन या संमेलनाला भविष्यकाळातले कपडे घालून आले, हिरवा झगा आणि वर सगळा थाट. पॉलची चित्रे आणि ‘थिंग्ज टू कम’ हा चित्रपट यांवरून हे कपडे बेतले होते. रस्त्यावरची पोरे ‘फ्लॅश गॉर्डन! फ्लॅश गॉर्डन!’ म्हणून मागे लागली, ही आठवण अ‍ॅकरमन म्हातारपणापर्यंत सांगत.

पोशाख करून संमेलनाला जाण्याची, म्हणजे आज ज्याला कॉस्प्ले म्हणतात त्याची, सुरुवात इथे झाली असे मानतात. (कॉस्प्ले हा शब्द बराच नंतरचा, १९८० च्या दशकातला, जपानी बनावटीचा.) श्रेय बहुतेक वेळा अ‍ॅकरमनला दिले जाते, कारण छायाचित्रांत आणि मुलाखतींत तो आहे. पण दोन्ही पोशाख कल्पिले आणि शिवले मोरोजोने. शिवणयंत्रावर बसलेल्या बाईचे नाव मागे पडणे ही काही अमेरिकेचीच खासियत नाही.

दोन महिन्यांनी युरोपात युद्ध पेटले.

तरी पुढच्या वर्षी शिकागोला दुसरे संमेलन झालेच. त्याच्या तीन मुख्य संयोजकांपैकी दोघे विशीच्या आतले. १२८ लोक आले, आणि आदल्या वर्षी दोघांनीच केलेल्या गोष्टीचा कार्यक्रम झाला: पोशाखांची रीतसर संध्याकाळ. १९४१ ला डेन्व्हर. तिथे सुमारे नव्वद लोक, कारण डेन्व्हर सगळ्यांनाच लांब. मुख्य पाहुणे रॉबर्ट हाइनलाइन, ज्यांची पहिली कथा येऊन दोनच वर्षे झाली होती. चौथे लॉस एंजेलिसला १९४२ मध्ये ठरले होते. पर्ल हार्बर झाले, चाहते लष्करात गेले, आणि ते संमेलन भरले चार वर्षांनी, १९४६ मध्ये. नाव तेच ठेवले, क्रमांकही चौथाच. मधली वर्षे जणू मोजायचीच नाहीत.

या सगळ्यात एक पद्धत हळूहळू पक्की होत गेली, आणि ती समजली की ‘वर्ल्डकॉन’ (त्या लांबलचक ‘वर्ल्ड… कन्व्हेन्शन’चे हे आटोपशीर नाव) हे प्रकरण समजते. त्याला मालक नाही. कंपनी नाही, कायमचे कार्यालय नाही. दर वर्षी वेगळ्या शहरातली चाहत्यांची मंडळी पुढे येते, ‘आमच्याकडे या’ म्हणते, आणि सदस्य मतदान करून ठरवतात. सुरुवातीला हे मतदान संमेलनातच, हात वर करून व्हायचे. आमच्या गावात घ्या म्हणून रात्री खोल्यांतून खाऊ-पिऊ घालून मते वळवण्याची प्रथा यातूनच आली. आपल्या संमेलनाच्या निमंत्रक संस्थांना ती सांगायला नको. जो आत येतो तो तिकीट काढत नाही, सदस्य होतो. शब्दाचा फरक वाटतो, पण त्यात सगळे आले. तिकीट काढणारा प्रेक्षक असतो, त्याला करमणूक हवी असते. सदस्याला मत असते, आणि खुर्च्या कमी पडल्या तर त्या लावायलाही लागतात. काम करणाऱ्यांना पगार नाही.

१९४८ मध्ये हे संमेलन पहिल्यांदा अमेरिकेबाहेर, टोरांटोला गेले. १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या मंडळींनी पुरस्कार सुरू केले. आज ते ‘ह्यूगो’ म्हणून ओळखले जातात, त्याच ह्यूगोच्या नावाने ज्याने वॉलहाइमचे पैसे थकवले. पुरस्काराचे चिन्ह म्हणजे उभा चकचकीत अग्निबाण. तो तयार करण्याचे काम जॅक मॅकनाइट या चाहत्याकडे होते, आणि संमेलन चालू असताना बिचारा यंत्रावर अग्निबाण कातत बसल्यामुळे त्याचे बरेचसे संमेलन हुकले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळींनी पुरस्कार दिलेच नाहीत. मालक नसला की असे होते. आदल्या वर्षीच्या लोकांनी सुरू केलेले पुढच्यांनी चालवलेच पाहिजे असा नियम नव्हता. १९५५ मध्ये क्लीव्हलंडने ते पुन्हा दिले आणि मग प्रथा रुजली.

अटलांटिकच्या दोन काठांमधले अंतर कमी करायला चाहत्यांनी वर्गणीचा मार्ग काढला. इकडच्यांनी पैसे गोळा करून तिकडच्या एकाला संमेलनाला बोलवायचे. १९४९ मध्ये लंडनचे टेड कार्नेल असे अमेरिकेत आले, १९५२ मध्ये बेलफास्टचे वॉल्ट विलिस. आणि पुढे त्याचा कायमचा निधी झाला, तो अजून चालू आहे. १९५७ मध्ये तर संमेलनच लंडनला गेले. लीड्सच्या त्या वीसजणांना विसाव्या वर्षी मिळालेली ही परतफेड.

त्याच्या आदल्या वर्षी, १९५६ मध्ये, वर्ल्डकॉन पहिल्यांदा न्यूयॉर्कला परतले होते. कॅरॅव्हॅन हॉलच्या जिन्याला सतरा वर्षे झाली होती. आता स्थळ बिल्टमोर हॉटेल. मुख्य पाहुणे आर्थर क्लार्क. लीड्सला आलेला तो कारकून आता जगप्रसिद्ध लेखक झाला होता, तेव्हा इथून पुढे अहोजाहो. संमेलनाचे अध्यक्ष होते डेव्हिड काइल. होय, तेच, पिवळ्या पत्रकाचे लेखक.

शेवटी मेजवानी होती आणि तिचे तिकीट वेगळे होते. ज्यांना ते परवडले नाही असे बरेच चाहते निदान भाषणे ऐकावीत म्हणून वरच्या सज्ज्यात जाऊन बसले. थोड्या वेळाने संयोजकांपैकी कुणीतरी वर आले आणि म्हणाले, इथे बसता येणार नाही, डेव्ह काइलने सांगितले आहे.

‘डेव्ह काइल म्हणतो, इथे बसता येणार नाही’ हे वाक्य पुढे फॅनझीनमधून, बिल्ल्यांवरून, गप्पांतून दशकानुदशके फिरत राहिले. काइल सत्त्याण्णव वर्षे जगले, जवळजवळ प्रत्येक वर्ल्डकॉनला आले, आणि कुठल्याही रिकाम्या खुर्चीत बसू लागले की कुणीतरी त्यांना ते ऐकवायचेच.